मनिऑर्डरीवरची घरं

आमच्या घरातला महिना पहिल्या तारखेला सुरू होत नसे. मुंबईच्या गिरण्यांचा पगार दहा तारखेच्या आसपास व्हायचा, मग तिकडून मनिऑर्डर लागायची, आणि संगमेश्वरहून पोस्टमन वाडीवर पोचेपर्यंत पंधरा-सोळा तारीख उजाडायची. पावसाळ्यात पऱ्ह्याला पाणी चढलं तर आणखी तीन-चार दिवस. तोवर दुकानदार उधार द्यायचा, पण वही उघडून मागची बेरीज बघायचा आणि जरा थांबून मग तराजूला हात लावायचा. ते थांबणं आम्हा मुलांना पुरतं ठाऊक होतं, कारण दुकानात जायचं काम आमचंच असे. मोठी माणसं उधारीला स्वतः जात नसत, पोरांना पाठवत.

आम्ही म्हणजे तीन भावांची मिळून नऊ मुलं. १९५० ते १९६५ या काळात एकाच माजघरात जन्मलेली, एकाच चुलीवरची पेज प्यायलेली. आज आमच्यातले काही नालासोपाऱ्याला, काही डोंबिवलीला, एक लोटे-परशुरामच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेला, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली. गौरी-गणपतीला एकत्र जमलो की बोलणं फिरून फिरून त्या पैशांवर येतं. किती यायचे, कशाला जायचे, आणि इतकी वर्षं पैसे येऊनही घर होतं तिथेच का राहिलं. प्रत्येकाची आठवण वेगळी आहे, हिशोब मात्र बहुतेक जुळतो.

मनिऑर्डर आली की पोस्टमन ओटीवर बसायचा. त्याला गूळपाणी द्यायचं. आजी पदराला हात पुसत यायची, अंगठा द्यायची, शेजारचा कोणीतरी साक्षीदार म्हणून सही करायचा. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर बाबांनी लिहिलेल्या दोन ओळी असत. तो कुपनाचा तुकडा फाडून पोस्टमन आमच्या हातात द्यायचा आणि नोटा आजीच्या. साठच्या दशकात बाबांचे तीस आणि धाकट्या काकांचे, म्हणजे आप्पांचे, वीस-पंचवीस रुपये यायचे. आजी ते तिथेच वाटून टाकायची. आधी दुकान. मग जमिनीचा हप्ता. मग ज्याच्याकडून भाताचं बी किंवा बैल उसने घेतले असतील त्याचं काही. मग शाळेची फी, रॉकेल, बाळंतिणीचं तेल. उरलेलं डब्यात. डब्यात पडलेल्या रुपयांचा आवाज आमच्यापैकी कोणाच्याच आठवणीत फार मोठा नाही.

जमिनीच्या हप्त्याबद्दल मात्र सांगायला हवं, कारण मुंबईच्या पैशाने आमच्या घराला खरोखर काही दिलं असेल तर ते हे. आमचं भाताचं खाचर खोताचं होतं. आजोबा ते अर्धेलीने करत, म्हणजे पिकलेल्यातलं अर्धं खोताच्या खळ्यात घालून यायचं. १९४९ साली खोती नाहीशी करणारा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ रोजी कूळ कायद्याने कसणाऱ्याला मालकी देऊ केली. पण मालकी फुकट नव्हती, किंमत ठरवून ती वर्षाच्या हप्त्यांनी भरायची होती. ज्या घरातला माणूस मुंबईला होता त्याने हप्ते भरले. ज्या घरात नुसती शेतीच होती तिथे हप्ता थकला, तलाठ्याच्या चकरा झाल्या, आणि काहींनी आपण होऊन जमीन सोडली. खालच्या वाडीतल्या एका विधवा बाईचं शेत असंच गेलं. कायदा तिलाही होता आणि आम्हालाही. आमच्याकडे दर महिन्याला पोस्टमन यायचा, तिच्याकडे यायचा नाही, एवढाच फरक. कोकणातल्या गरिबीबद्दल बोलताना सगळ्या कोकणाला एका मापाने मोजतात तेव्हा मला ती बाई आठवते. मुंबईला जाणं ही गरिबाची वाट होती हे खरं, पण सगळ्यात गरिबाची नव्हती. जायला भाडं लागायचं, तिकडे उतरायला गाववाल्यांची खोली लागायची, गिरणीच्या दारात चिकटवून देणारा ओळखीचा जॉबर लागायचा, आणि काम मिळेपर्यंतचे महिने कोणीतरी पोसायला लागायचं. कातकऱ्यांच्या पाड्यावरून आमच्या लहानपणी गिरणीत गेलेला माणूस आम्हाला आठवत नाही. ते कोळशाच्या भट्ट्यांवर जात, आणि जाताना उचल घेऊन जात. त्यांच्या घरी पैसा मागाहून यायचा नाही, आधीच येऊन संपलेला असायचा.

आमच्याकडे मुंबईला जाण्याची रीत जुनी होती. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावरांनी १८५४ साली काढली, आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत रत्नागिरी जिल्हा त्या गिरण्यांना माणसं पुरवणारा जिल्हा झाला. १९११ च्या जनगणनेच्या वेळी गिरण्यांतले जवळजवळ निम्मे कामगार एकट्या रत्नागिरीत जन्मलेले होते, आणि तेव्हाच्या रत्नागिरीत आजच्या सिंधुदुर्गाचाही बराच भाग आला. आमचे आजोबा त्यानंतर काही वर्षांनी गेले, जयगडला चालत जाऊन आगबोटीने. बोट बंदराला लागत नसे. पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं आणि दोरीच्या शिडीने वर चढायचं. घरात सांगितलं जायचं की आजोबांनी एका हातात शिडी आणि दुसऱ्या हातात तांदळाचं गाठोडं धरलं होतं. बाबा आणि आप्पांच्या वेळेला एसटी झाली होती. गाठोडं तेच होतं.

तीन भावांपैकी थोरले तात्या घरी राहिले आणि दोघे मुंबईला गेले. हे ठरवून झालं. एकाने नांगर धरायचा, दोघांनी पैसा पाठवायचा. अशी वाटणी आमच्या आसपासच्या बहुतेक घरांत होती, आणि तिच्यात शहाणपण होतं. भाताचं पीक चार-पाच महिन्यांपुरतं होतं, तेही पाऊस नीट झाला तर. आमच्याकडे पाऊस थोडा पडतो असं कोणी म्हणणार नाही, पण तो सगळा चार महिन्यांत डोंगरावरून वाहून समुद्राला मिळतो आणि एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो. दुसरं पीक नाही. वरकस डोंगरावर नाचणी, वरी, थोडे कुळीथ. घरात नऊ मुलं, तीन सुना, म्हातारी सासू आणि एक पुरुष. शेतीने पोट भरायचं अर्धं वर्ष, उरलेलं मनिऑर्डरीने. दोन्हींपैकी एकानेही एकट्याने घर चाललं नसतं.

बाबा मुंबईत कसे राहतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. डिलाईल रोडला बीडीडी चाळीत गावाने मिळून एक खोली घेतली होती, १६० चौरस फुटांची. तीत गावची पंधरा-वीस माणसं राहायची. सगळी एका वेळी नसत, पाळी वेगळी असायची. रातपाळीचा माणूस सकाळी येऊन निजायचा तो दिवसपाळीवाल्याच्या जागेवर. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी, भिंतीवर एक खुंटी. जेवायला खानावळ. ती चालवणाऱ्या बायका बहुतेक आपल्याच मुलखातल्या, काहींचे नवरे गिरणीतून आजारी होऊन घरी बसलेले, काही विधवा. महिनाभर जेवू घालायचं आणि पगाराला पैसे घ्यायचे, म्हणजे महिनाभर त्यांनी वाण्याची उधारी अंगावर घ्यायची. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तोपर्यंत त्या सावकाराच्याच दारात होत्या. बाबांच्या खानावळवाल्या मावशींचं नाव आमच्या घरात देवाच्या नावासारखं घेतलं जायचं, कारण एका आजारपणात त्यांनी तीन महिने पैसे न घेता बाबांना जेवू घातलं होतं. बाबांच्या तीस रुपयांमागे त्या बाईची उधारीही होती, हे आम्हाला मोठेपणी उमगलं.

बाबा पुष्कळ वर्षं बदली कामगार होते. म्हणजे पाळी सुरू व्हायच्या वेळी गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं. आत कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर खोलीवर परत. महिन्यात किती दिवस भरतील हे कोणालाच माहीत नसे. पण मनिऑर्डरीचा आकडा मात्र ठरलेला. दिवस कमी भरले की ते एक वेळ जेवायचे किंवा खोलीतल्या कोणाकडून उसने घ्यायचे, आणि तीस रुपये लावायचे. मला आज वाटतं की हा ठरलेला आकडा हीच आमच्या घराची खरी मिळकत होती. दोन महिने काहीच नाही आणि तिसऱ्या महिन्याला नव्वद, असं आलं असतं तर बेरीज तीच झाली असती आणि आम्ही बुडालो असतो. मधल्या दोन महिन्यांत भात कमी भावाने विकावं लागलं असतं, भांडी गहाण पडली असती, पोरं शाळेतून काढली गेली असती. वाडीत अशी घरं होती. त्यांचे पुरुष आमच्या बाबांपेक्षा जास्त कमवत असतील, पण पैसा कधी येईल याचा नेम नव्हता, आणि दुकानदार त्या घराची वही बघून जास्त वेळ थांबायचा.

पत्रांचं काम आम्हा मुलांकडे होतं. घरात एकाही बाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून चौथीतला दादा आणि नंतर आम्ही बाकीचे आळीपाळीने लेखनिक झालो. आजी सांगायची, आम्ही लिहायचो. गाय मेली होती, आईला ताप होता, दुकानदाराने उधारी थांबवली होती, आणि आजी सांगायची, ‘‘सगळं खुशाल हाय म्हनून ल्ही.’’ आम्ही लिहायचो. तिकडून पत्र यायचं की मी खुशाल आहे, काळजी नसावी. तेव्हा बाबांना आठ-आठ दिवस काम मिळत नव्हतं. एकमेकांपासून गरिबी लपवायची ही दोन्हीकडची शिकस्त होती आणि तिचे साक्षीदार आम्ही, वय वर्षं आठ ते बारा. आमच्यापैकी प्रत्येकाचं अक्षर त्या पत्रांनी वळणदार झालं. खोटं लिहिताना हात थांबायचा तो मात्र अजून आठवतो, असं दादा परवाही म्हणाला. आई आणि धाकटी काकी नवऱ्याला काय सांगणार? सांगायचं ते सासूसमोर, पोराच्या हातून, पोस्टकार्डावर. त्या काहीच सांगत नसत. एकदा आईने माझ्या कानात सांगितलं, ‘‘शेवटाला ल्ही की मे महिन्यात या.’’ मी लिहिलं आणि आजीला वाचून दाखवताना ती ओळ गाळली.

मग १९६६ च्या पावसाळ्यात तात्या गेले. साप चावला. घरातला एकुलता नांगरधरी गेला, आणि ठरवून केलेली ती वाटणी कोलमडली. आमच्याकडे बाईने नांगर धरायचा नाही अशी रीत. बाकी सगळं तिने करायचं. राबासाठी कवळं तोडून डोक्यावरून आणायची, भाजावळ करायची, रोपं काढायची, कमरेतून वाकून लावणी करायची, कापायचं, झोडायचं, कांडायचं, पण नांगराला हात लावायचा नाही. म्हणून मृगाआधी माणूस आणि बैलजोडी भाड्याने सांगावी लागे. ज्याच्याकडे बैल तो आधी स्वतःचं उरकणार, मग भाऊबंदांचं, मग आमचं. पाऊस पुढे गेलेला, रोपं जून झालेली, आणि मजुरी रोख. मनिऑर्डरीतला एक मोठा वाटा तेव्हापासून नांगरट करणाऱ्याला जाऊ लागला. म्हणजे बाबा मुंबईत जे कमवत होते त्यातले काही पैसे, ते स्वतः घरी नसल्याची भरपाई करण्यात जात होते. मग बाबांनी परत का येऊ नये? हा प्रश्न घरात एकदाच निघाला. आजीने बोटांवर मोजून दाखवलं. ते परत आले तर नांगरटीचे पैसे वाचतील, आणि बाकीचं सगळं बंद होईल. दुकान, हप्ता, शाळा. परतीची वाट आकड्यांनीच बंद केली होती.

डोंगरावरची नाचणी आधी सुटली. ती मेहनतीची, उतारावरची, माणसं जास्त मागणारी. दोन-तीन वर्षांत वरकस पडीक पडली आणि तिथे करवंदीच्या जाळ्या माजल्या. नाचणी घरची होती तेव्हा आंबील आणि भाकरी होती. ती गेल्यावर तेवढं धान्य दुकानातून आणावं लागलं. पैसा येत होता म्हणून शेती सुटली, आणि शेती सुटली म्हणून पैसा पुरेना. आमच्या आख्ख्या पट्ट्यात हे झालं. बाहेरून बघणारे म्हणत की कोकणातली माणसं मनिऑर्डरीवर बसून खातात, आळशी झालीत. मला या बोलण्याचा फार राग येतो, अजूनही. बसून खाणारं त्या घरात कोण होतं? माझी आई पहाटे चारला उठायची आणि दिवेलागणीनंतर भात कांडायला बसायची. सोळा-सतरा तासांचं तिचं काम कुठल्याच मस्टरवर नव्हतं. गिरणीचा पगार एका माणसाच्या पोटापुरता असे, कारण त्याची मुलं वाढवणं, त्याच्या आईबापाला सांभाळणं आणि तो थकला की त्याला परत घेणं, हे सगळं गावात होऊन जाईल हे मालकाला माहीत होतं. त्या कापडाच्या किमतीत आईची मजुरी कुठेच धरलेली नव्हती.

मुलींच्या शाळेचंही तेच. आम्हा नऊ जणांत पाच मुली. मुलांची फी मनिऑर्डरीतून आधी निघायची. लावणीच्या दिवसांत धाकट्यांना सांभाळायला कोणीतरी घरी हवं असायचं, आणि ते कोण हे विचारायची गरज पडत नसे. माझ्या थोरल्या दोन चुलत बहिणी चौथीला थांबल्या. त्या पत्रं लिहायच्या, मी पुढे शिकले. माझी पाळी आली तेव्हा सांभाळायला धाकटं कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी शिकले, हुशार होते म्हणून नव्हे. थोरल्या ताईचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

आजारी माणूस परत यायचा तो शिमग्याला किंवा गणपतीला नाही, अधल्यामधल्या महिन्यात. एसटीतून उतरायचा, बरोबर ट्रंक आणि वळकटी दोन्ही. दोन्ही दिसल्या की वाडी समजायची. आप्पा तसे आले. सूत कातायच्या खात्यातला कापसाचा भुगा वर्षानुवर्षं छातीत गेलेला, वर क्षय. शिवडीच्या इस्पितळात राहून आले होते. धाकट्या काकीने त्यांना तीन वर्षं सांभाळलं आणि शेतही केलं. त्या तीन वर्षांत त्यांची मनिऑर्डर नव्हती, उलट औषधासाठी बाबांना जास्त पाठवावे लागले. दहा वर्षांत आप्पांनी पाठवलेले पैसे आणि त्या तीन वर्षांत गेलेले, असा हिशोब आम्ही कधी मांडला नाही. काकीसमोर तो मांडायचा नाही, असं आमच्यात न बोलता ठरलेलं आहे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी, अडीच लाखांच्या आसपास कामगार. मागण्यांत पगारवाढ होती आणि बदली कामगारांना कायम करा हीही होती. बाबा तोवर कायम झाले होते, पण या मागणीसाठी ते मनापासून संपात होते, कारण गिरणीच्या दारात उभं राहणं त्यांना माहीत होतं. आमच्यातला दादा तेव्हा त्याच गिरणीत बदलीवर लागला होता. पहिले दोन-तीन महिने कोणाला काही वाटलं नाही. मग मनिऑर्डर थांबली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पंधरा तारीख आली आणि पोस्टमन आमच्या घरावरून पुढे गेला.

त्यानंतर जे झालं ते मी विसरणार नाही. पैसा मुंबईहून गावाला येण्याऐवजी भात गावाहून मुंबईला जाऊ लागला. एसटीच्या टपावर पोती चढली. तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं, नारळ, सुकी मासळी. ड्रायव्हर-कंडक्टरही आपल्याच मुलखातले, पुष्कळदा लगेज फाडत नसत. पोत्यावर चुन्याने खोलीचा नंबर लिहिलेला. आईने आणि दोन्ही काकींनी त्या वर्षी आपल्या ताटातला भात कमी करून पोती भरली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. दुकानदाराने वही बंद केली तेव्हा धाकट्या काकीने पाटल्या काढून दिल्या. मी तेव्हा शिक्षिका झाले होते, माझा पगार घरी येऊ लागला होता, आणि तोही पुरत नव्हता. शंभराहून जास्त वर्षं ज्या मुंबईने आम्हाला जगवलं असं सगळे म्हणत, तिच्या कामगारांना त्या दीड वर्षात पोसणाऱ्यांत आमच्या गावची आधीच अर्धी पडलेली शेतं होती, आणि ती शेतं बायकांनी राखली होती. हे कुठल्या पुतळ्यावर लिहिलेलं नाही.

संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. काही गिरण्या उघडल्या, काही नाही. बाबांना पुन्हा घेतलं नाही. ते ट्रंक आणि वळकटी दोन्ही घेऊन परत आले, छपन्न वर्षांचे, आणि पहिल्याच पावसाळ्यात नांगर धरायला गेले. त्यांना जमेना. वीस-बावीस वर्षांचे होते तेव्हा धरलेला. आईने त्यांच्या हातून कासरा घेतला नाही, रीत होती ना. बांधावर उभी राहून बैलांना हाका मारत राहिली आणि बाबा तिच्या सांगण्याने वळत राहिले. कोणत्या कोपऱ्यात पाणी साठतं, कुठे बांध फुटतो, कुठली माती जड, हे सगळं तिला ठाऊक होतं. सातबाऱ्यावर नाव मात्र बाबांचं आणि त्यांच्या भावांचं.

दादाने मग नालासोपारा धरला आणि वॉचमनची नोकरी. पगार गिरणीपेक्षा कमी, भविष्य निर्वाह निधी नाही, पाळी बारा तासांची. तो घरी पैसे पाठवायचा, पण आकडा ठरलेला नसायचा. त्याच्या पाठचे दोघे बांधकामावर, डोंबिवलीला. या पिढीतल्या बहुतेकांनी बायकामुलं मुंबईला नेली, कारण एक घर दोन ठिकाणी चालवायला गिरणीसारखा बांधलेला पगार लागतो आणि तो राहिला नव्हता. त्यांची मुलं शिकली, इंग्रजी शाळांत गेली, आणि पुढे निघाली हेही सांगायला हवं. दादाची मुलगी आज परिचारिका आहे. आमच्या घरातली गरिबी हटली ती तिच्या पिढीत, आणि ती गावात नाही, विरारच्या अलीकडे हटली. गाव मात्र रिकामं झालं. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. पुढच्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली तेव्हा वाटलं होतं की माणसं परत येतील. जाणं सोपं झालं.

एक गोष्ट वेगळी घडली. १९९० पासून रोजगार हमी योजनेतून फळबागेला अनुदान मिळू लागलं आणि पडीक वरकसांवर काजू-आंब्याची कलमं उभी राहिली. ज्यांच्या सातबाऱ्यावर एकच नाव होतं त्यांना ते लगेच जमलं. आमच्या सातबाऱ्यावर तोवर बरीच नावं चढली होती, त्यातली निम्मी मुंबईत, आणि एकेकाची संमती गोळा करायला वर्षं गेली. तरी शेवटी दादाची बायको, आमची वहिनी, मागे लागली. सासूसासऱ्यांना सांभाळायला ती गावीच राहिली होती. तिने नाचणीच्या जुन्या डोंगरावर काजू लावले, मग हापूस. बाबा गेले तेव्हा पहिला मोहोर आला होता.

आता बागेची राखण करायला माणूस मिळत नाही. आमच्या वाडीत राबणारं तरुण कोणी नाही. रत्नागिरीच्या पुष्कळ बागांत करतात तसं दादा आणि वहिनीने नेपाळहून आलेला एक माणूस ठेवला आहे. तो थंडीच्या तोंडावर येतो, वानरं हाकतो, फवारणीला मदत करतो, आंबे उतरवतो, आणि पावसाच्या आधी निघून जातो, कारण तिकडे त्याच्या घरी भाताची लावणी असते. बागेत त्याचं राहणं पत्र्याच्या खोलीत, बरोबर आणखी दोघे गाववाले. टपाल खात्याने २०१५ साली जुनी मनिऑर्डर बंद केली. हा माणूस बाजारातल्या एका दुकानातून घरी पैसे धाडतो.

गेल्या गणपतीत आम्ही सगळे जमलो होतो तेव्हा याच माणसावरून दादा आणि वहिनीत वाद झाला. बागवाल्यांची पद्धत अशी की खर्चीपुरतं मधून मधून द्यायचं आणि हंगाम संपला की सगळा हिशोब एकदम करायचा, नाहीतर माणूस मध्येच सोडून जातो. दादाचं म्हणणं तेच. वहिनी म्हणाली, ‘‘त्याच्या घरी दुकान महिन्याला आहे की हंगामाला?’’ दादा म्हणाला, सगळे असंच देतात. ती म्हणाली, सगळ्यांच्या घरी पंधरा तारखेला पोस्टमन थांबला नव्हता का कधी? मग तिने त्याच्या बायकोबद्दल विचारून ठेवलेलं सांगितलं. तिकडे शेत आहे, सासू आहे, तीन मुलं आहेत, नांगर धरायला माणूस भाड्याने घ्यावा लागतो, आणि मधल्या महिन्यांत ती कर्ज काढते. हंगामाच्या शेवटी हा पैसे घेऊन जातो ते सावकाराला जातात. थोरली ताई तिथेच बसली होती. ती म्हणाली, पैसे पोचले की नाही ते त्याच्या पोराला फोनवर विचारत जा, मोठ्यांना नको, मोठी माणसं सगळं खुशाल सांगतील.

यंदाच्या हंगामापासून त्याला दर महिन्याच्या दहा तारखेला पगार मिळतो. हिशोबाची वही वहिनीकडे आहे.